मॉनिटरभोवतीच्या चिठ्ठ्यांचं काय करता? (स्टँड, खिळे, जुगाड, काहीही चालेल)

चाफेकळी
मंडळी, कामाचा प्रश्न आहे, टाइमपास धागा समजू नका (नंतर तो होणारच, ते माहितीये).

मी पुण्यात एका सीए फर्ममध्ये आहे. रिटर्नचा सीझन सुरू झाला की माझ्या मॉनिटरला पिसं फुटतात. अमक्याचा फॉर्म १६ आला नाही, तमक्याला बँक स्टेटमेंट परत मागायचंय, टीडीएस भरायची ७ तारीख, जीएसटीची ११ आणि २० तारीख, सगळं पिवळ्या चिठ्ठीवर. जुन्या मॉनिटरला चांगली बोटभर जाड कडा होती, तिच्यावर सगळं मावायचं. आता नवीन आलाय त्याला कडाच नाही, नुसता स्क्रीन. वर चिकटवली की वेबकॅम झाकतो, खाली चिकटवली की कीबोर्डवर लोंबते, बाजूला चिकटवली की अर्धी चिठ्ठी हवेत आणि डोक्यावर सीलिंग फॅन गरगरतोय. ऑनलाइन बघितलं तर हजार प्रकारचे स्टँड आणि क्लिपा आहेत पण फोटोत सगळंच छान दिसतं, त्यामुळे कोणी खरोखर वापरलेलं काही असेल तर सांगा. बजेट पाचशेच्या आत.

आणि कृपया "अ‍ॅप वापर" असं सांगू नका.

टवाळ_गण्या
अ‍ॅप वापर.

(पळा)

वऱ्हाडी_ठेचा
फॅन बंद करा की ताई, अर्धा प्रश्न तिथंच सुटला.

चाफेकळी
@वऱ्हाडी_ठेचा, एप्रिलात पुण्यात फॅन बंद? तुम्ही नागपूरचे असून हे सांगताय?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे फॅन नाही, कूलर आहे. चिठ्ठी उडत नाही, ओली होऊन हळूच खाली येते. मार्च ते जून मी भिंतीवर काही चिकटवायच्या भानगडीतच पडत नाही, सगळं टेबलाच्या काचेखाली सारतो.

निवृत्त_कॅशियर
काचेचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आम्ही बँकेत लागलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हता आणि पिवळ्या चिठ्ठ्याही नव्हत्या, पण प्रत्येक टेबलावर काच होती आणि काचेखाली माणसाचा सगळा संसार असायचा. सुट्ट्यांची यादी, शाखांचे फोन नंबर, व्याजदराचं सर्क्युलर, गजानन महाराजांचा फोटो, मुलाची फी भरायची पावती. साहेबांच्या टेबलावर काचेखाली हिरवं बनातीचं कापड असे, त्यामुळे कागद उठून दिसायचा. काचेची खोड एकच, ती उचलायला दोन माणसं लागतात. त्यामुळे खाली गेलेला कागद वर्षानुवर्षं तिथेच राहतो. रोज बदलणाऱ्या गोष्टीला काच उपयोगाची नाही, कायम लागणाऱ्या गोष्टीला तिच्यासारखं काही नाही.

रोजच्या चिटोऱ्यांसाठी आमच्याकडे खिळा होता. लाकडी किंवा लोखंडी बैठक आणि त्यावर उभी टोकदार सळई, जुन्या किराणा दुकानात अजून दिसते, नाहीतर तारेचा आकडा तरी वरून लोंबत असतोच. आमचे हेडक्लार्क एक नियम पाळायचे: राहिलेलं काम टेबलावर उजव्या हाताला वजनाखाली, झालेलं काम खिळ्यावर. राहिलेला कागद खिळ्यावर कधीच जायचा नाही. संध्याकाळी खिळ्याची जाडी बघून दिवस कसा गेला ते कळायचं, आणि काही वाद झाला तर गठ्ठा उलटा करायचा, सकाळपासूनचा क्रम आपोआप लागलेला. चाफेकळीताई, तुमच्या मॉनिटरवरच्या चिठ्ठ्यांपैकी झालेल्या कामांच्या किती आहेत ते आधी मोजा.

खिळा घ्याल तर टोकाला बाटलीचं बूच किंवा खोडरबर खोचून ठेवा. वाकून पेन उचलताना डोळ्याला लागण्याचा धोका खरा आहे.

टवाळ_गण्या
काका, दंडवत. आमच्या ऑफिसात असा खिळा आणला तर एचआर आधी त्याची रिस्क असेसमेंट करेल.

मिसळ_विदाऊट_तर्री
सीडी आठवतात का कुणाला? पन्नास सीडींचा गोल डबा यायचा, मधे प्लास्टिकचा दांडा. तो माझा खिळा. चिठ्ठीला पंचिंग मशीनने भोक पाडायचं आणि दांड्यावर सोडायची, टोक बोथट असल्यामुळे एचआर पण खूश. पंचचं भोक दांड्यापेक्षा लहान पडतं, म्हणून शेजारी शेजारी दोन-तीन भोकं पाडून मोठं करावं लागतं, एवढाच ताप. वरून झाकण लावलं की फॅनचा बाप आला तरी काही उडत नाही.

रसायनी
चिठ्ठी का पडते हे कळलं तर निम्मा जुगाड वाचेल, म्हणून थोडं पाल्हाळ.

या चिठ्ठीचा गोंद सलग थर नसतो. त्यात अ‍ॅक्रिलेटचे बारीक बारीक गोळे असतात, आणि पृष्ठभागाला फक्त त्या गोळ्यांचे माथे टेकतात. म्हणून ती चिकटतेही आणि कागद न फाडता निघतेही. स्पेन्सर सिल्व्हर नावाच्या थ्रीएममधल्या केमिस्टला हा गोंद १९६८ मध्ये सापडला, खरं तर त्याला मजबूत गोंद हवा होता. पुढे काही वर्षं त्याचं काय करायचं ते कुणाला कळेना. १९७४ मध्ये त्याच कंपनीतला आर्ट फ्राय चर्चमध्ये गाताना पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या पडतात म्हणून वैतागला आणि त्याला या गोंदाची आठवण झाली. १९७७ मध्ये चार शहरांत 'प्रेस अँड पील' नावाने विकून बघितलं, फारसं कुणी घेतलं नाही. मग १९७८ मध्ये बॉइसी शहरात फुकट वाटल्या आणि लोक परत मागायला लागले. १९८० पासून पोस्ट-इट नावाने अमेरिकाभर. पिवळा रंगही ठरवून घेतलेला नव्हता म्हणतात, शेजारच्या लॅबमध्ये पिवळे रद्दी कागद होते तेच वापरले.

आता आपल्या कामाचं. त्या गोळ्यांवर धूळ बसली की त्यांना टेकायला जागा उरत नाही. डिस्टेंपरची भिंत हात लावला तरी पांढरी पूड देते, तिथे चिठ्ठी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. ऑइलपेंट, काच, सनमायका, अ‍ॅक्रिलिक यांवर टिकते, पण आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. दुसरं, आपण गठ्ठ्यातून चिठ्ठी खालून वर ओढतो. त्यामुळे गोंदाची पट्टी वाकते, चिठ्ठी वर कुरळी होते आणि फॅनचा वारा नेमका त्या वळणाखाली शिरतो. डावीकडून उजवीकडे, पट्टीच्या दिशेने सोलून काढा. सपाट बसते. करून बघा आणि सांगा.

चाफेकळी
@रसायनी, आत्ता करून बघितलं!!! खरंच सपाट बसली. इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं हे.

@निवृत्त_कॅशियर काका, मोजल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या झालेल्या कामांच्या निघाल्या. एक तर मागच्या ऑडिटची.

भटारखाना
नाशिकला हॉटेल लाइनमध्ये आहे. तुम्ही सगळे गोंदाच्या मागे लागलात, आम्हाला गोंद परवडतच नाही कारण किचनमध्ये वाफ, तेल, ओले हात. तिथे केओटी (म्हणजे किचनला येणारी ऑर्डरची चिठ्ठी) लावायला रेल असते. अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी, आत उतरती खाच आणि त्या खाचेत काचेच्या गोट्या. चिठ्ठी खालून वर सरकवली की गोटी उचलली जाते, सोडली की गोटी आपल्या वजनाने खाली येऊन कागद दाबून धरते. स्प्रिंग नाही, चुंबक नाही, बिघडण्यासारखं काहीच नाही. एका हाताने लागते, एका हाताने निघते, दुसऱ्या हातात कढई असली तरी चालतं. डावीकडे जुनी ऑर्डर, नवीन आली की उजवीकडे, पदार्थ गेला की चिठ्ठी ओढून खिळ्यात (काकांचा खिळा आमच्याकडे अजून आहे बरं का).

रेल भरली म्हणजे किचन भरलं. मग मॅनेजर बाहेर सांगतो, वीस मिनिटं लागतील. रेल कितीही लांब मिळते, पण ती आपल्या हातांना झेपेल एवढीच घ्यायची.

जुगाडू_जोशी
भटारखाना, हे फार भारी आहे. मी पडद्याच्या चॅनलमध्ये गोट्या घालून करून बघायचा विचार करतोय.

भटारखाना
करू नका. पडद्याच्या चॅनलची खाच सरळ असते, रेलची तिरपी लागते, त्या उतारावरच सगळी गंमत आहे. सरळ खाचेत गोटी नुसती इकडून तिकडे पळेल. हॉटेलची भांडी विकणाऱ्या कुठल्याही मोठ्या दुकानात एक फुटाची रेल मिळते.

क्लाउडवासी
धाग्यात अ‍ॅपला बंदी आहे तरी बोलतो, हलके घ्या. २००९ च्या विंडोज ७ पासून चिठ्ठ्या स्क्रीनवरच लावता येतात, मॅकवर तर १९९४ पासून. फॅन नाही, धूळ नाही, गोंद नाही. शोधता येतं, कॉपी करता येतं, आणि कॅलेंडर अ‍ॅपमध्ये टाकलं तर तारखेला आपोआप घंटी वाजते. ७ तारीख आणि २० तारीख दर महिन्याला येतेच, मग ती दर महिन्याला हाताने का लिहायची? यात कागदाचं प्रेम सोडून दुसरं काही कारण असेल तर ऐकायला आवडेल.

मिसळ_विदाऊट_तर्री
कारण आहे. घंटी वाजली की मी "दहा मिनिटांनी आठवण कर" दाबतो. दिवसभर दाबतो. कागदाला हे बटण नसतं.

क्लाउडवासी
कागदाकडे तुम्ही बघतच नाही, मग बटण कशाला हवं? वर ताईंनी लिहिलंय बघा, मागच्या ऑडिटची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

निवृत्त_कॅशियर
क्लाउडवासी यांचा मुद्दा बरोबर आहे. एकाच जागी चार दिवस असलेला कागद नजरेला दिसेनासा होतो. आमचे हेडक्लार्क म्हणूनच रोज सकाळी वजनाखालचा गठ्ठा पुन्हा पिसायचे, वरचा खाली, खालचा वर. त्याला दोन मिनिटं लागत. अ‍ॅपमध्येही ती दोन मिनिटं कुणी देत नसेल तर तिथंही तेच होणार.

गोडं_मेतकूट
आमच्याकडे याचं काम कालनिर्णय करतं. १९७३ पासून भिंतीवर तेच आहे, आधी सासूबाईंचं आणि आता माझं. दुधाचा खाडा, गॅस कधी लावला, कामवालीची सुट्टी, लाइटबिल, सगळं त्या चौकोनात. संकष्टी बघायला रोज कुणी ना कुणी समोर उभं राहतंच, त्यामुळे बाकीचंही आपोआप वाचलं जातं. महिना संपला की पान उलटतं आणि सगळं एकदम निघून जातं, चिठ्ठ्या काढत बसावं लागत नाही. डेस्कसाठी छोटं टेबल कॅलेंडर घ्या की.

टवाळ_गण्या
सासूबाई विरुद्ध क्लाउड, मी पॉपकॉर्न घेऊन बसलो.

फायरवॉल
उशिरा आलो पण सगळे एक गोष्ट विसरले आहेत. चाफेकळी, तुमच्या चिठ्ठ्यांवर क्लायंटचे पॅन, पासवर्ड वगैरे असतं का? बँकेची पीडीएफ स्टेटमेंटं बऱ्याचदा पासवर्ड लावलेली येतात आणि तो पासवर्ड हमखास चिठ्ठीवर जातो.

२०१८ च्या जानेवारीत हवाईमध्ये क्षेपणास्त्र येतंय असा खोटा अलर्ट लोकांच्या फोनवर गेला होता. त्यानंतर तिथल्या आपत्ती व्यवस्थापन ऑफिसचा आदल्या वर्षीचा एक बातमीतला फोटो लोकांनी शोधून काढला, त्यात मॉनिटरला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली स्पष्ट दिसत होती. अलर्ट त्या चिठ्ठीमुळे गेला नव्हता, तो कर्मचाऱ्याकडून गेला, पण फजिती झाली ती झालीच. २०१५ मध्ये फ्रान्सच्या टीव्ही५ मोंद चॅनलवर सायबर हल्ला झाला, त्यावर त्यांच्याच माणसाची मुलाखत चालू असताना मागच्या भिंतीवर पासवर्डच्या चिठ्ठ्या दिसत होत्या. आता तर सगळ्यांच्या डेस्कवर वेबकॅम आणि खिशात कॅमेरा.

कुठलाही स्टँड घ्या, दरवाजाकडे पाठ करून ठेवा. पासवर्ड चिठ्ठीवर नकोच.

चाफेकळी
@फायरवॉल, असतात. होते. आत्ताच फाडल्या. आमच्याकडे क्लायंट थेट टेबलापर्यंत येऊन बसतात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोठी_आऊ
फाडल्या ठीक, पण टाकल्या कुठे? आमच्या ऑफिसातल्या मावशी कचऱ्याच्या डब्यातली प्रत्येक चिठ्ठी "साहेब, महत्त्वाची असेल" म्हणून परत टेबलावर आणून ठेवतात. आणि सुट्टीच्या आधी मॉनिटर पुसताना सगळ्या चिठ्ठ्या काढून एकावर एक चिकटवून व्यवस्थित एक गठ्ठा करतात. सोमवारी फक्त सगळ्यात वरची दिसते.

रसायनी
हसून हसून पुरेवाट. पण त्या मावशींनी अजाणता गठ्ठा पिसलाच की.

स्टुटगार्टचा_सदू
जर्मनीत चिठ्ठ्यांचं प्रकरण फार गंभीरपणे घेतात. निक्लास लुमान नावाचा समाजशास्त्राचा प्राध्यापक होता, बीलेफेल्ड विद्यापीठात. त्याने लाकडी खोक्यांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या जमवल्या, प्रत्येकीला नंबर, एकीवरून दुसरीकडे जायचा पत्ता. त्याच जोरावर ढीगभर पुस्तकं लिहिली. त्यामुळे माझं मत, स्टँड वगैरे सोडा, एक चांगलं खोकं घ्या आणि नंबर टाका.

भटारखाना
सदूभाऊ, त्यांना पुस्तक लिहायचं नाहीये, टीडीएस भरायचाय. नव्वद हजार केओटी खोक्यात ठेवल्या तर गिऱ्हाईक उपाशी मरेल.

स्टुटगार्टचा_सदू
:) मान्य. ती जपायची चिठ्ठी, ही फेकायची.

जुगाडू_जोशी
आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण कडा नसलेल्या मॉनिटरचं उत्तर अजून कुणी दिलंच नाही.

नेमप्लेट बनवणाऱ्याकडे जा (पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असे बरेच आहेत). ३ मिमी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापून मागा. त्यांच्याकडे तुकडे पडलेलेच असतात, त्यामुळे स्वस्तात होतं. कडा घासून आणि कोपरे गोल करून घ्या नाहीतर मनगट कापेल. ही पट्टी मॉनिटरच्या मागच्या बाजूला, कडेजवळ, डबल साइड फोम टेपने लावायची, म्हणजे ती बाजूला कानासारखी बाहेर येते. पूर्ण चिठ्ठीला मागे आधार मिळतो, फॅनचा वारा मागून शिरत नाही.

सांभाळायचं ते असं. मागची जाळी झाकू नका, गरम हवा तिथून जाते, आणि गरम प्लास्टिकवर टेपही सुटते. मागची कड गोलाई घेणारी असेल तर टेप पूर्ण टेकणार नाही, अशा वेळी पट्टीला लाकडी ठोकळ्यात खाच पाडून मॉनिटरशेजारी उभी करा. ऑनलाइन हीच पट्टी "मेमो बोर्ड" म्हणून मिळते, पण तिची टेपची जागा फार लहान असते. आमच्याकडच्या तीन पट्ट्या उन्हाळ्यात खाली आल्या.

चुंबकाचा पर्यायही आहे: पट्टीऐवजी पत्रा लावायचा आणि फ्रिजवरचे चुंबक. एलसीडीला त्याने काही होत नाही. जुन्या पोटवाल्या मॉनिटरला मात्र चुंबक नेऊ नका, स्क्रीनवर रंगाचे डाग पडतात. अजून तसला वापरणारं कुणी असेल तर त्यांना माझा नमस्कार.

निवृत्त_कॅशियर
माझ्याकडे आहे. नमस्कार पोचला.

अगरबत्ती_वाली
मी उदबत्तीचं पितळी घर वापरते. उदबत्तीच्या भोकात जाड तार, तारेच्या टोकाला इलेक्ट्रिकवाल्यांकडची मगर क्लिप. पाच भोकं, पाच तारा, पाचच चिठ्ठ्या. सहावी आली की आधी एक काम संपवायचं. खाली जड असल्यामुळे पडत नाही, दिसायला पण बरं दिसतं. सासरच्यांनी विचारलं "देवाचं घर ऑफिसात कशाला", म्हटलं कामालाच लावलंय.

टवाळ_गण्या
पाचच चिठ्ठ्या? आमच्या बॉसला हे दाखवू नका, तो समई आणेल.

चाफेकळी
सगळ्यांचे आभार, शनिवारी बसून करून टाकलं, म्हणून लिहिते.

एक फुटाची रेल घेतली, मॉनिटरला नाही, टेबलाच्या मागच्या पार्टिशनला स्क्रूने. माझ्या साध्या पिवळ्या चिठ्ठ्या तिच्यात नीट जात नाहीत, गोंदाची बाजू गोटीला चिकटते, म्हणून उलट्या, गोंद खाली ठेवून घालते. जोशींची अ‍ॅक्रिलिक पट्टी फक्त डावीकडे लावली, तिच्यावर "आज" एवढंच. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखा क्लाउडवासींच्या सल्ल्याने फोनमध्ये टाकल्या, त्या कागदावर लिहायचं बंद. अ‍ॅपबंदी तेवढ्यापुरती उठवली आहे. झालेल्या चिठ्ठ्या सीडीच्या दांड्यावर, आणि महिनाअखेर श्रेडरमध्ये, मावशींच्या हाती लागायच्या आत.

खिळा नाही आणला, काका. भीती वाटते मला त्याची.

निवृत्त_कॅशियर
दांडा चालेल. बूच लावायला नको.

क्लाउडवासी
"तेवढ्यापुरती". नोंद घेतली आहे, तारखेसकट.

भटारखाना
ताई, गोंद खाली ठेवण्यापेक्षा साध्या कागदाचे तुकडे वापरा ना, रद्दी प्रिंटआउटची कोरी बाजू. रेलला गोंद लागतच नाही, पैसे का घालवता? आणि गोट्यांना तेलकट हात लावू नका, घसरतात. महिन्यातून एकदा काढून साबणाने धुवा.

वऱ्हाडी_ठेचा
जोशीसाहेब, माझा २४ इंची आहे. पट्टी केवढी कापायला सांगू? कूलरसमोरच बसतो मी, तेही धरून सांगा.

जुगाडू_जोशी
चिठ्ठी ७६ मिमीची चौरस असते. २४ इंची स्क्रीनची उंची साधारण ३० सेंमी, म्हणजे एकाखाली एक तीन आरामात, चौथी ओढूनताणून. रुंदी १० सेंमी घ्या, त्यातली २ टेपसाठी मागे जाते. कूलर असेल तर अ‍ॅक्रिलिक ठीक आहे पण चिठ्ठी नरम पडणारच, तुम्ही पट्टीला वरून दोन काळ्या बाइंडर क्लिपा मारा आणि गोंदाचा नाद सोडा. शाईचं पेन नको, बॉलपेनने लिहा.